ठमीच्या दगडाखालचं पान

ठमी वरठा ही बाई ‘नियम मोडणारी’ आहे, असं आंबेडोह निसर्ग पर्यटन समितीच्या वहीत लिहिलेलं आहे. मी ते माझ्या डोळ्यांनी वाचलंय. निळ्या शाईत, खाली सेक्रेटरींची सही. पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा निकाल एका ओळीत. मला ती ओळ पुरत नाही, म्हणून लिहायला बसलेय. लेक स्वरा झोपलीय, नवऱ्याची, विक्रमची, रात्रपाळी आहे, आणि राग डोक्यात असला की मला झोप येत नाही.

आंबेडोह म्हणजे बोईसरहून चिल्हार फाट्याकडे गेलं की हायवेच्या पलीकडे डोंगराला लागून असलेलं राखीव जंगल. आत एक ओहोळ, ओहोळात डोह, डोहावर आंब्याची दोन जुनी झाडं. फाटकाशी पत्र्याची शेड आणि तिकिटाची खिडकी. आणि त्या दोन्हींच्या कितीतरी आधीपासून तिथे असलेला वाघोबा. गुडघ्याएवढा उभा दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्यावर शेंदूर.

माझं माहेर बार्शीचं. विक्रमला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही बोईसरला आलो. स्वरा दुसरीत असताना तिला खोकला लागला तो जाईचना. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, पण रविवारी हिला जरा झाडांत न्या, पळू द्या. चिंचणीचा किनारा आम्हाला जवळचा, पण तिथे रविवारी घोडे, गाड्या आणि कणसांचा धूर. मग आमच्या सोसायटीतल्या वर्षाराणीने आंबेडोहचं नाव सांगितलं. तिने चार-पाच घरांचा व्हॉट्सॲप ग्रुपच केला होता, ‘रविवार रानात’ म्हणून. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही पहिल्यांदा गेलो.

फाटकापाशी एक बाई उभी होती. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, त्यावर समितीचं नारिंगी जाकीट, पाय अनवाणी. हीच आमची वाटाडी, ठमी. मी स्वराला बूट, मोजे, कानटोपी घातली होती. पाठीवर पिशवी, पिशवीत श्वासाचा पंप, दोन पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, जंतुनाशक, गळ्यात शिट्टी. ठमीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, “पोरीचा लगीन हाय काय गं? एवढा सामान?”

सगळे हसले. मी नाही हसले. पहिल्या वाक्यापासून मला अगंतुगं करणारी ही बाई मला उद्धट वाटली होती. तिच्याकडे सगळ्यांनाच ‘तू’ असतं, समितीच्या सेक्रेटरींनाही, वाघोबालाही, हे मला पुढे कळलं.

आत जायच्या आधी तिने प्रत्येकाला पळसाचं एक पान तोडायला लावलं. ते वाघोबापाशी जमिनीवर ठेवायचं आणि वर एक दगड ठेवायचा. ज्याचं त्याने. लहान मुलांनी सुद्धा. परत आलं की ज्याचं त्याने आपलं पान काढून वाटेवर टाकायचं.

“पूजा आहे का ही?” मी विचारलं.

“पूजा कशाची? पान हाय तवर मानूस आत हाय. पान नाय, मानूस घरी गेला. आमच्या पाड्याची रीत हाय. लाकडाला जायचे ना, तवापासून.”

“मग सरळ मोजत का नाहीस? आम्ही बारा जण आहोत.”

ठमीचा चेहरा एकदम बंद झाला. “मी मानसं मोजत नाय,” एवढंच म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

मी बी.एस्सी. झालेय, तेही वनस्पतिशास्त्रात. ही गोष्ट मी त्या दिवशी तिला दहा मिनिटांत सांगितली असावी, कारण ती लगेच थांबली. “झाडांत शिकलीस? मग हा काय, सांग.” मी पान पाहिलं, खोड पाहिलं, मला काही सुचेना. कॉलेजात आम्ही पानं कागदावर चिकटवलेली पाहिली होती. मग मला ओळखीचा पळस दिसला आणि मी जोरात म्हणाले, “हा मात्र येतो. ब्युटिया मोनोस्पर्मा!”

“शिव्या कशाला देतेस त्याला?” ठमी म्हणाली.

यावेळी मीही हसले. स्वरा तर हसता हसता खोकायला लागली, मी पंप काढायला धावले, तर ठमीने तिला खाली दगडावर बसवलं, पाठीवर सपाट हात ठेवला आणि म्हणाली, “आता वरती बग. बोलू नको. वरती बग.” वर सातभाई पक्ष्यांचा थवा भांडत होता. स्वरा पाहत राहिली आणि खोकला थांबला. तो खोकला आपोआपही थांबला असता, हे मला कळतं. पण त्या दिवसापासून स्वराच्या तोंडी दर रविवारी एकच, ठमीमावशी.

दीड वर्ष आम्ही जात राहिलो. फेब्रुवारीच्या शेवटी पळस पेटले. डोंगराची एक बाजू नुसती केशरी. आमच्या ग्रुपचे फोटोंवर फोटो चालले होते. मी पाहिलं तर ठमीही झाडाखाली मान वर करून उभी होती, आमच्यासारखीच, पाहुण्यासारखी. मी म्हणाले, “तुला काय गं नवल? तू तर इथलीच.”

त्या दिवशी तिने मला जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते गोड होईल.

“मी इथली हाय पन अर्ध्या वर्साची. दिवाळी झाली का ट्रक येतो. भिवंडीकडं, वीटभट्टीवर. माजी आई जायची, मी तिच्या पोटात होती तवापासून जाते. पाऊस लागायच्या टायमाला परत. तर मला हा जंगल माहीत हिरवा. पळस पेटतो असा ऐकून होती. बगितला पयल्यांदा समितीत लागली तवा. तीन वर्सं झाली. चाळीस वर्सांची घोडी झाली आनि आपल्या घराच्या मागचा झाड पयल्यांदा बगितला.”

मग जरा वेळाने, मी न विचारता म्हणाली, “भट्टीवर मुकादम रोज मोजायचा. सकाळी उठलो का मोजायचा, रातच्याला मोजायचा. कोन पळला काय बगायला. विटा मोजायचा तसाच. म्हनून मी मानसं मोजत नाय.”

मला तेव्हा कळलं की समितीचं ते कळकट नारिंगी जाकीट म्हणजे काय आहे. आम्ही तिथे रविवार काढायला जात होतो. तिला त्या जाकिटामुळे वर्षाचे सगळे महिने मिळाले होते. जाकीट गेलं की ट्रक. हे तिला माहीत होतं, तिच्या नवऱ्याला, भिकाला माहीत होतं, आणि त्या दिवसापासून मलाही माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. म्हणूनच राग जास्त आहे.

एप्रिलमध्ये तिने मुलांना मोहाची फुलं वेचायला नेलं, मे महिन्यात करवंदांच्या जाळीत घातलं. स्वरा ओरखडे घेऊन आणि जांभळी जीभ घेऊन घरी आली, मी तिला डेटॉलने पुसून काढली. पावसाळ्यात ठमी शेवळं, ती पहिल्या पावसातली रानभाजी, कशी ओळखायची ते दाखवायची आणि मग मला टोमणा, “कागदावर चिकटव, नायतर इसरशील.” खेकडे पकडायला तिने स्वराला बूट काढायला लावले. नऊ वर्षांची माझी मुलगी ओहोळात अनवाणी, हातात खेकडा, आणि ओरडतेय आनंदाने. मी काठावर उभी राहून एकच बघत होते, पाणी किती आहे.

आता माझ्या शहाणपणाबद्दल लिहिते.

श्रावणातल्या एका रविवारी खेकड्यांच्या नादात परतायला सव्वासहा झाले. ढगांमुळे अंधारून आलं होतं. काहीही झालं नाही. सगळे नीट परत आले, सगळ्यांनी आपापली पानं उचलली. पण मला त्या रात्री स्वरा पाण्यात पडल्याचं तीनदा स्वप्न पडलं. सकाळी उठून मी समितीला पत्र लिहिलं. दोन पानी, मुद्देसूद, एक ते नऊ आकडे घालून. सहावा मुद्दा असा होता: ‘सायंकाळी पाचनंतर मार्गदर्शकासह कोणीही व्यक्ती जंगलात असता कामा नये.’ ग्रुपवर टाकलं. चौदा अंगठे आले. वर्षाराणीने लिहिलं, ‘किती छान मांडलंस गं! तुझ्यासारखी सुशिक्षित आई हवी.’

समितीला असं काही लागतच असतं. सेक्रेटरी भगवंतराव, मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले, कागदावर प्रेम असलेले गृहस्थ. पंधरा दिवसांत फाटकावर पाटी लागली. माझा सहावा मुद्दा जसाच्या तसा, पांढऱ्यावर लाल. मला अभिमान वाटला. मी पाटीचा फोटो काढला.

ठमीला वाचता येत नाही. तिने मला विचारलं, “काय लिवलाय?” मी सांगितलं. ती म्हणाली, “बरा हाय. लवकर घरी जाऊ.”

दसऱ्यानंतरचा रविवार. भात पिवळं झालं होतं, गवत छातीएवढं वाढलेलं, वाटेवर आडवी कोळ्यांची जाळी. ठमी पुढून काठीने जाळी बाजूला करत चालली होती, तोडत नव्हती, एका बाजूने सोडवून दुसऱ्या फांदीला लावत होती. आम्ही अकरा जण होतो. दुपारी साडेतीनच्या सुमाराला डोंगरामागून ढग आला. परतीच्या पावसाचा तो काळा, गडगडणारा ढग. दहा मिनिटांत विजा सुरू झाल्या. ठमी म्हणाली, “चला, फाटकाकडं. पळू नका, निसता चला.” ती सगळ्यात मागे राहिली, वर्षाराणीच्या सासूबाईंना हात देत.

मी घाबरले. वीज कडाडली की स्वराचा श्वास वर-वर व्हायला लागतो. फाटक अर्ध्या तासावर होतं. पण डोहाकडून डावीकडे एक पायवाट तलावाच्या बांधावर निघते आणि तिथे डांबरी रस्ता आहे. विक्रमची पहिली पाळी सुटली होती आणि तो आम्हाला न्यायला निघालाच होता. जिथे जरा रेंज आली तिथून मी त्याला फोन केला, बांधावर ये. आणि स्वराचा हात धरून डावीकडे वळले.

सांगितलं का कोणाला? हो. ग्रुपवर टाकलं. ‘आम्ही बांधाकडून जातोय, विक्रम येतोय. ठमीला सांगा.’ टाकून फोन पिशवीत ठेवला. माझ्यासारख्या बायकांना असंच वाटतं, ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं. ज्या बाईला सांगायचं ती माझ्यापासून शंभर पावलांवर होती. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, तोही फाटकाच्या शेडमध्ये ठेवलेला. मी मागे वळून एक हाक मारली असती तरी पुरली असती.

पाच वाजता आम्ही घरी होतो. स्वराला कोरडं केलं, केस पुसले, हळदीचं दूध दिलं. तिला सर्दी होईल या काळजीत मी रात्री दोनदा उठून तिचं कपाळ पाहिलं.

सकाळी साडेनऊला फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला.

“मॅडम, तुमची मुलगी घरी हाय काय?”

“आहे की. म्हणजे शाळेत गेलीय. का हो?”

“मग ठीक हाय,” तो म्हणाला. “ ठमी रातभर तिला शोधत होती.”

पुढचं मी तुकड्या-तुकड्यांनी गोळा केलं. थोडं पहारेकऱ्याकडून, थोडं भिकाकडून. पावसात सगळे फाटकाशी पोचले, आपापलं पान उचलून गाड्यांकडे पळाले. ठमी शेवटी आली. तिने दगड पाहिले. दोन दगड तसेच होते, एक मोठा, त्याला चिकटून एक लहान. दोन्हींखाली पान. माझं आणि स्वराचं.

वर्षाराणी गाडीत बसत होती. तिने काच खाली करून सांगितलं, “अगं, गेल्या असतील त्या गाडीने. तिचा नवरा येणार होता.” माझा मेसेज तिने पाहिला नव्हता. अंदाजाने सांगितलं.

“गेल्या असतील का गेल्या?” ठमीने विचारलं.

“अगं, असतील म्हणजे गेल्याच.”

आणि गाड्या निघून गेल्या. एकीनेही मला फोन लावला नाही. हायवेवर आल्यावर सगळ्यांना माझा मेसेज दिसला, तिघींनी त्याला अंगठा दिला. फाटकावर परत फोन करून कळवावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहारेकऱ्याने तिला पाटी दाखवली. पाच वाजत आले होते. त्याच्याकडे माझा नंबर नव्हता; तो तिकिटाच्या वहीत, आणि वही खिडकीच्या कुलपात, ती सकाळीच उघडली. “पाचनंतर आत नाय जायचा, भगवंतराव बोंबलतील.” ठमी म्हणाली, “पान आत हाय. पोरगी खोकते. ओहोळाला पानी चढेल.” आणि गेली.

ओहोळ कमरेएवढा वाढला होता. डोहाच्या वर, जिथे स्वराने खेकडे धरले होते, तिथे तिने आधी पाहिलं. पलीकडे जाताना तिचा पाय दोन धोंड्यांमध्ये अडकला आणि पाण्याच्या ओढीने मोडला. घोट्याच्या वर, दोन ठिकाणी. ती एका जांभळीच्या मुळाला धरून काठावर आली आणि रात्रभर तिथे बसून माझ्या मुलीच्या नावाने हाका मारत राहिली. भिका आणि पाड्यावरची माणसं पहाटे पोचली तेव्हा तिचा आवाज बसला होता. तिने पहिलं काय विचारलं, ते भिकाने मला सांगितलं. “पोरगी गावली काय?”

मी पालघरच्या दवाखान्यात गेले. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. मी रडायला लागले, माफी मागायला लागले, बरोबर फळं नेली होती ती कुठे ठेवावी तेही मला कळेना. भिका दाराशी उभा होता, माझ्याकडे पाहतही नव्हता. ठमीने मला बराच वेळ रडू दिलं. मग बसलेल्या आवाजात म्हणाली, “तू पान उचलला नाय.”

“चुकलं माझं. घाबरले होते गं. मला वाटलं...”

“तुजा रडना नको मला. पान अजून तिकडंच हाय. तुजा तूच उचल. दुसऱ्यानं उचलायचा नसतो.”

ती माझ्यावर चिडली होती, आणि मला ते बरं वाटलं. बाकी कोणीच चिडलं नव्हतं माझ्यावर. विक्रम म्हणाला, “तू काय मुद्दाम केलंस का?” ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि तिसऱ्या दिवशी चर्चा डिसेंबरच्या सहलीवर गेली. वर्षाराणी जिन्यात भेटली. “मी सांगितलं होतं तिला, गेल्या असतील म्हणून. ऐकतच नाहीत गं ही लोकं. पानंबिनं काय, अंधश्रद्धा नुसती.”

“आणि आपण ग्रुपवर टाकतो, त्याला काय म्हणायचं?” मी विचारलं. “तिने पानावर विश्वास ठेवला आणि आत गेली. आपण मेसेजवर विश्वास ठेवला आणि घरी येऊन दूध प्यालो.”

“तू फारच मनाला लावून घेतेस,” वर्षाराणी म्हणाली. ती हेच नेहमी म्हणते, आणि तिच्या मनाला काहीच लागत नाही.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या आदल्या दिवशी समितीची बैठक होती. मी अर्जाने वेळ मागून गेले. शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, भगवंतराव मधोमध, समोर वही. भिका बाहेर उकिडवा बसलेला. वहीत आधीच लिहून झालं होतं: ‘मार्गदर्शक ठमी वरठा यांनी सायंकाळी पाचनंतर, मनाई असताना, विनापरवाना जंगलात प्रवेश केला. नियम मोडल्याने कामावरून कमी करण्यात येत आहे.’

“ती माझ्या मुलीला शोधायला गेली होती,” मी म्हणाले.

“मुलगी आत नव्हती ना पण, मॅडम.”

“ते तिला कसं माहीत असणार? मी सांगितलं नाही. चूक माझी आहे. लिहा तसं.”

“तुम्ही पर्यटक आहात. तुमची चूक लिहायला वहीत रकाना नाही.”

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. नव्हते चुकले. ते समजावणीच्या सुरात पुढे म्हणाले, “आणि नियमाचं म्हणाल तर हे बघा.” त्यांनी फाईल उघडली आणि माझंच पत्र माझ्यापुढे ठेवलं. दोन पानी, मुद्देसूद. सहाव्या मुद्द्याखाली लाल रेघ. “मार्गदर्शकासह कोणीही व्यक्ती. आम्ही तुमचाच शब्द घेतलाय. फार उत्तम ड्राफ्टिंग आहे तुमचं.”

बाहेर भिकाने हे ऐकलं. तो उठला, त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “ती पाटी तू लावलीस?”

मी हो म्हणाले.

तो पाटीकडे एकदा पाहून पाड्याच्या वाटेला लागला. शिव्या देऊन गेला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी पत्रं लिहिली. पहिल्या पत्रात तक्रार मागे घेतली. उत्तर आलं, नियम झाल्यावर तक्रार मागे घेता येत नाही. दुसऱ्यात लिहिलं, शोधासाठी आत जाणाऱ्याला नियम लागू नसावा. ‘विचाराधीन आहे.’ ग्रुपवर सह्या मागितल्या. तीन आल्या, त्यातली एक विक्रमची आणि एक माझी. चौदा अंगठे देणाऱ्यांना सही करताना हात दुखतात. वर्षाराणीने खाजगीत लिहिलं, ‘उद्या दवाखान्याचं वगैरे आपल्यावर आलं तर? लेखी कशाला देतेस?’ दवाखान्याचं आपल्यावर यायलाच हवं होतं. मी आणि विक्रमने आमचं आम्ही केलं, त्याबद्दल इथे जास्त लिहायचं नाही.

देवदिवाळी झाली आणि ट्रक आला. भिकाने आदल्या दिवशी पहारेकऱ्याच्या फोनवरून निरोप दिला, “ती बोलवते. पोरीला घेऊन ये.”

आम्ही पोचलो तेव्हा ट्रक फाटकापासून थोड्या अंतरावर उभा होता. मागे भांडी, गोधड्या, कोंबड्या, बायामाणसं. ठमी काखेत काठी घेऊन वाघोबापाशी उभी होती. पायाला अजून प्लास्टर, त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली.

“अशा पायाने भट्टीवर काय करणार आहेस?” मी ओरडलेच. “माझ्याकडे राहा. पाय बरा होईपर्यंत राहा.”

“तुज्याकडं काय करू? खिडकीतून बगू?” ती म्हणाली. “भिका विटांची थापनी करील, मी भाकरी भाजीन दहा मानसांच्या. बसून होते भाकरी.” मग स्वराकडे वळून, “काय गं, सामान कुठं तुजा?” स्वराच्या पाठीवर पिशवी नव्हती. तिनेच आणली नव्हती.

ठमीने काठीने दाखवलं. दोन दगड तिथेच होते. महिना उलटला होता. तिने कोणाला हात लावू दिला नव्हता, भिकालाही नाही. मी मोठा दगड उचलला. खालचं पान वाळून कागदासारखं झालं होतं, कडा मुंग्यांनी खाल्लेल्या. मी ते वाटेवर टाकलं. स्वराने आपलं उचललं आणि टाकायच्या ऐवजी हातात धरून उभी राहिली.

“टाक,” ठमी म्हणाली. “टाकशील तवा तू घरी पोचशील.”

स्वराने टाकलं. मग तिने खोल श्वास घेतला आणि विचारलं, “मावशी, तू परत कधी येणार?”

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मुकादम खाली उतरून मागच्या फळीपाशी गेला आणि बोट दाखवून मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार. ठमीने तिकडे पाहिलं. मग वाकता येत नव्हतं म्हणून स्वराला म्हणाली, “एक पान दे तोडून. मोठा बगून दे.” स्वराने पळसाचं पान तोडलं. ठमीने काठीच्या टोकाने ते वाघोबापाशी सरकवलं आणि स्वराला वर दगड ठेवायला लावला. कुठला दगड ते तिने स्वतः निवडलं.

“हा माजा,” ती वाघोबाला म्हणाली, आम्हाला नाही. “मी हितंच हाय. त्याला मोजू दे किती मोजायचा ते.”

आणि लंगडत गेली. दोन बायकांनी तिला वर ओढून घेतलं. मुकादमाने तिला शेवटी मोजलं.

आता फेब्रुवारी आहे. डोंगर पुन्हा केशरी झालाय आणि ती पाहायला नाही. आम्ही रविवारी जातो. समितीने नवीन वाटाड्या आणलाय, त्याच्याकडे शिट्टी आहे, तो आम्हाला फाटकावर रांगेत उभं करून मोजतो, स्वरा त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. माझं तिसरं पत्र ‘पुढील बैठकीत ठेवण्यात येईल’. मी चौथं लिहिलंय. पाचवंही लिहीन. उत्तम ड्राफ्टिंग येतं ना मला.

गेल्या रविवारी फाटकाशी रंगारी होता. कोणी मोठे पाहुणे यायचे आहेत म्हणून शेड रंगवायची, पाटी नवी करायची, वाघोबाभोवती फरशी घालायची. भगवंतराव खुर्ची टाकून देखरेख करत होते. रंगाऱ्याने बादली ठेवली आणि वाघोबापुढचे सुटे दगड पायाने बाजूला सारायला लागला. मी जाऊन मध्ये उभी राहिले.

“मॅडम, जरा सरका. सफाई आहे,” भगवंतराव म्हणाले.

“हा दगड हलवायचा नाही.”

“अहो, पान आहे खाली वाळलेलं. कचरा आहे.”

स्वरा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. रंगारी हातात फावडं घेऊन एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता.

“कचरा नाही,” मी म्हणाले. “आत माणूस आहे.”